आवाज कोठे अडतो?

व्याख्यानमालेच्या मंडपात उभे राहून दूरच्या संभाषणातील बिघाडांविषयी बोलावे, यात थोडा विनोद आहे हे आम्ही जाणतो. आपण सारे येथे समोर बसला आहात, मध्ये एक ध्वनिक्षेपक आहे, आणि तो बिघडला तर मागच्या रांगेतले कोणी तरी 'ऐकू येत नाही' असे ओरडून सांगतात. मग एक माणूस उठतो, तार हलवून पाहतो, आणि काम पुढे चालू होते. बिघाड सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो, म्हणून त्यावरून कोणी कोणावर रागावत नाही.

सन २०२१ च्या वसंतात मात्र हा मंडप घातलाच गेला नाही. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षीची माला आम्ही पडद्यावर भरविली. तिसऱ्या दिवशीचे व्याख्याते पंचाहत्तरी ओलांडलेले अभ्यासक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आणि येथे तेवढी ओळख पुरे. आयुष्यभर भरलेल्या सभागृहांत बोललेला हा मनुष्य त्या दिवशी आपल्या घरी, एका फोनपुढे, काळ्या चौकोनांना उद्देशून बोलत होता. वीस मिनिटे ठीक गेली. पुढे त्यांचा आवाज तुटू लागला. निम्मे वाक्य यावे, निम्मे गडप व्हावे. आम्ही त्यांना काय सांगितले? "अण्णा, जरा मोठ्याने बोला." ते मोठ्याने बोलले. मग ते ओरडले. कोणी म्हणाले, बंद करून पुन्हा या. तेही त्यांनी तीनदा केले. अखेरीस त्यांचे एकच वाक्य सलग ऐकू आले: "आपल्याला ऐकावयाचे नसेल तर राहू द्या." आणि त्यांचा चौकोन नाहीसा झाला.

तो शब्द आम्हांस लागला. आम्ही ऐकावयास उत्सुक होतो आणि ते सांगावयास उत्सुक होते. मग मध्ये कोण आले? या प्रश्नाचा माग काढता काढता आम्ही बरेच मागे गेलो, आणि आमच्या असे ध्यानात आले की 'मोठ्याने बोला' हा उपाय सुचणारे आम्ही काही पहिले नव्हतो. त्याला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे!

सन १८५८ च्या ऑगस्ट महिन्यात आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये, अटलांटिक महासागराच्या तळावरून, सुमारे दोन हजार मैलांची तार टाकून पुरी झाली. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेचे अध्यक्ष ब्युकॅनन यांस संदेश धाडला. तो अवघ्या ९८ शब्दांचा होता आणि पोचावयास सुमारे सोळा तास लागले. न्यूयॉर्ककरांनी या आनंदात जी आतषबाजी केली तीत त्यांच्या नगरभवनाच्या घुमटालाच आग लागली. पण तिकडे समुद्रकाठच्या खोलीत बसलेल्या तारवाल्यांची स्थिती वेगळी होती. अक्षरे अस्पष्ट येत, पुन्हा पुन्हा विचारावी लागत, आणि कित्येक तास तर 'तुम्हांस ऐकू येते का' या प्रश्नातच जात. पडद्यावरील सभांत ज्यांनी पहिली दहा मिनिटे घालविली आहेत, त्यांना हे परके वाटू नये.

कंपनीचे विद्युत्तज्ज्ञ होते वाइल्डमन व्हाइटहाउस. हे मूळचे शस्त्रवैद्य. संदेश क्षीण येतो म्हणजे जोर कमी पडतो, हे त्यांचे निदान. म्हणून त्यांनी मोठमोठी वेटोळी लावून तारेत सुमारे दोन हजार व्होल्टांचा दाब सोडला. दुसऱ्या बाजूस होते ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन, पुढे जे लॉर्ड केल्व्हिन झाले. त्यांनी गणिताने आधीच दाखविले होते की समुद्रातील लांब तारेत संकेत पसरट होत जातो, आणि हा विलंब तारेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तार दुप्पट लांब केली तर विलंब चौपट. असा पसरलेला संकेत जोर लावून आखूड होत नाही. तेव्हा जोर वाढविण्याऐवजी त्यांनी ऐकण्याचे साधन नाजूक केले. एक इवलासा आरसा लोहचुंबकासह रेशमाच्या धाग्याला टांगावयाचा, त्यावर दिव्याचा किरण सोडावयाचा; तारेतून अल्पसा प्रवाह आला की आरसा किंचित वळतो आणि भिंतीवरचा प्रकाशाचा ठिपका हातभर सरकतो. व्हाइटहाउस यांनी आपल्या यंत्राचा अभिमान सोडला नाही. पण संदेश मात्र ते टॉमसन यांच्या आरशावर वाचून घेत आणि आपल्या यंत्रावर आल्याचे भासवीत, असे या तारेच्या वृत्तान्तांत आढळते.

सप्टेंबरच्या आरंभीच तार मुकी झाली. ती जिवंत होती त्या थोड्या दिवसांत तिने एक काम केले ते आपल्याशी संबंधित आहे. सत्तावनच्या उठावासाठी कॅनडातील दोन पलटणी निघण्याच्या बेतात होत्या. उठाव शमल्यामुळे 'निघू नका' असा हुकूम याच तारेने गेला आणि ब्रिटिश खजिन्याचे पन्नास हजार पौंड वाचले म्हणतात. पुढे चौकशी समिती बसली व १८६१ साली तिचा अहवाल आला. तार मुळातच निष्काळजीपणाने बनविली होती, त्यात दाबाने तिचे आवरण फुटले, असा त्याचा मथितार्थ. सगळे खापर एकट्या व्हाइटहाउस यांच्या माथी फोडणे आम्हांस बरोबर वाटत नाही. ती तार तशीही फार दिवस जगली नसती. तथापि आजाऱ्याला बरे करण्यासाठी त्यांनी जे दिले त्याने मरण लवकर आले, एवढे खरे.

या अपघातातून जो धडा अभियंत्यांनी घेतला तो फार मोलाचा होता. तार तुटली तर ती दोन हजार मैलांत कोठे तुटली? तांब्याच्या दर मैलाला प्रवाहास किती रोध होतो हे ठाऊक असते. फुटलेल्या जागी प्रवाह समुद्रात जिरतो. तेव्हा किनाऱ्यावर बसून एकूण रोध मोजला, तर बिघाड किती मैलांवर आहे हे पुष्कळ अंशी सांगता येते. मग जहाज नेमके तेथे धाडावयाचे. सन १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने मुंबईहून एडनच्या दिशेने समुद्री तार टाकली आणि मुंबई विलायतेशी जोडली गेली, तेव्हा ही विद्या बऱ्यापैकी स्थिरावली होती. बिघाड सापडण्यापूर्वी त्याचे ठिकाण सापडले पाहिजे, हा तिचा गाभा.

तारेवरून अक्षरे गेली, मग आवाज गेला, पुढे चित्रही जाऊ लागले. सन १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल कंपनीने चित्रफोन मांडला; लोकांनी तो कौतुकाने पाहिला, पण तीन मिनिटांना १६ ते २७ डॉलर मोजावे लागत असल्याने वापरला कोणी फारसा नाही. त्याच दशकात उपग्रह आले आणि एक नवीच पीडा उपजली. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर उंचावर. आवाजाला वर जाऊन खाली यावयास पाव सेकंद लागतो, आणि परतीचा तितकाच. बोलणाऱ्यास अर्ध्या सेकंदाने आपलाच आवाज ऐकू येई आणि त्याची जीभ अडखळे. या प्रतिध्वनीवर बेल प्रयोगशाळेत जो उपाय निघाला, त्याच्या कर्त्यांत फिरोजपूरला जन्मलेले आणि दिल्ली व बंगळूर येथे शिकलेले मनमोहन सोंधी हे प्रमुख होते. त्यांचा निबंध १९६७ सालचा. येणाऱ्या आवाजावरून त्याचा प्रतिध्वनी कसा असेल याचा यंत्राने सतत अंदाज बांधावयाचा आणि परत जाणाऱ्या आवाजातून तेवढा वजा करावयाचा, अशी ती युक्ती. आजही आपल्या फोनमध्ये ती वेगळ्या रूपांत काम करते. यातली एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्याला स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येतो त्याच्या घरी दोष नसतो. दोष समोरच्याच्या घरी असतो, कारण तिथल्या कर्ण्यातून निघालेला आवाज तिथल्याच ध्वनिग्राहकात शिरलेला असतो. तक्रार मात्र ज्याच्याकडे दोष नाही तो करतो, आणि ज्याच्याकडे आहे त्याला काहीच कळत नाही!

आता संगणकांच्या जाळ्याकडे वळू. येथे दोन माणसांसाठी वेगळी तार राखून ठेवलेली नसते. आवाजाचे तुकडे करून, पाकिटांत घालून, इतरांच्या पाकिटांबरोबर एकाच रस्त्यावर सोडलेले असतात. बहुधा दर सेकंदाला पन्नास पाकिटे. सन १९७४ मध्ये डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिम टोकाहून पूर्व टोकाला, आर्पानेट या जाळ्यावरून, असे संभाषण करून पाहिले. त्यात त्यांच्या ध्यानात आले की पत्र आणि बोलणे यांची प्रकृती एक नाही. पत्रातले पान हरवले तर ते पुन्हा मागवावे, उशीर झाला तरी चालेल. बोलण्यात हे चालत नाही. मृदंगाची एक थाप चुकली तरी भजन चालते. तीच थाप चार मात्रा उशिरा वाजली तर भजन बिघडते. म्हणून बोलण्यासाठी, हरवलेल्याची वाट न पाहणारी निराळी पद्धत हवी असा त्यांनी आग्रह धरला, आणि १९८० साली ती लिहून ठरली. आपला शब्द मध्येच गळतो पण सभा पुढे सरकते, ती या निर्णयामुळे.

जाळे वाढले तसे बिघाड वाढले. डिसेंबर १९८३ मध्ये माइक मूस या अमेरिकन लष्करी प्रयोगशाळेतील गृहस्थांनी एका बैठकीत एक छोटासा कार्यक्रम लिहिला. पाणबुड्या शोधणारी जहाजे पाण्यात नाद सोडून त्याचा प्रतिनाद ऐकतात. तसे दूरच्या संगणकाला एक पाकीट धाडावयाचे आणि ते परत यावयास किती वेळ लागला हे मोजावयाचे. त्या नादावरूनच त्यांनी नाव ठेवले 'पिंग'. पुढे त्यांना कोणी कळविले की आम्ही पिंगला बोलके केले, दर प्रतिसादाला संगणक मोठ्याने 'पिंग' म्हणे; मग इमारतीभर हिंडून एकेक जोड हलवून पाहिला, आणि ज्या जोडाशी आवाज थांबला तो सैल निघाला. मंडपात तार हलवून पाहणाऱ्या आमच्या कार्यकर्त्याची विद्या हीच.

पण सैल जोड हा साधा रोग. ऑक्टोबर १९८६ मध्ये जे झाले त्यात सगळे जोड घट्ट होते. कॅलिफोर्नियात बर्कलेची राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि तेथलेच विद्यापीठ यांमध्ये अंतर चारशे यार्ड. त्यांच्यामधील जोडणीतून सेकंदाला बत्तीस हजार बिट जात असत. ते एकाएकी चाळीसवर आले. चाळीस बिट म्हणजे सेकंदाला जेमतेम पाच रोमन अक्षरे. निरोप्या धावत गेला असता तर लवकर पोचला असता! व्हॅन जेकबसन हे प्रयोगशाळेतील संशोधक. त्यांनी मायकेल कारल्स यांच्यासह याचा पाठपुरावा केला. निष्पन्न काय झाले? तर यंत्रे प्रामाणिकपणे आपले काम करीत होती. पाकीट पोचल्याची पावती आली नाही की प्रत्येक संगणक समजे, पाकीट हरवले. आणि लगोलग दुसरे धाडी. रस्ता आधीच तुंबलेला, त्यात ही दुबार, तिबार पाकिटे. जितके अधिक पाठवावे तितके कमी पोचावे. दोन हजार व्होल्टांचाच हा नवा अवतार म्हणावयाचा.

जेकबसन यांचा १९८८ सालचा उपाय ऐकावयास अगदी साधा आहे. पाकीट हरवले, तर तो जोर वाढविण्याचा नव्हे, आवरते घेण्याचा इशारा समजावा. वेग एकदम निम्मा करावा, मग रस्ता मोकळा दिसेल तसा हळूहळू वाढवावा. प्रत्येकाने आपापल्या घरी हे पथ्य पाळले की मध्ये पोलीस उभा न करताही सर्वांची वाट निघते. जगाचे जाळे आज उभे आहे ते पुष्कळ अंशी या पथ्यावर. पाकीट वाटेत कोणकोणत्या नाक्यांवरून जाते आणि कोठे अडते हे एकेक नाका मोजत दाखविणारे साधनही याच गृहस्थांनी लिहिले.

नव्वदीच्या दशकात एक वेगळी अडचण आली, तिच्याविषयी थोडक्यात सांगतो. जाळ्यावरचे पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसू लागले. म्हणून १९९४ साली अशी तोड सुचविली गेली की घराघराला, कचेरीकचेरीला बाहेरचा पत्ता एकच असावा आणि आतील यंत्रांना खासगी क्रमांक असावेत. जुन्या वाड्याची कल्पना करा. बाहेरच्या जगाला वाडा ठाऊक, आतली बिऱ्हाडे नाहीत. देवडीवरचा माणूस, कोणत्या बिऱ्हाडाने कोणाला पत्र धाडले ते टिपून ठेवतो आणि उत्तर आले तर आत नेऊन देतो. पण ज्याला कोणी लिहिले नाही असा पाहुणा आला तर दारातूनच परत. आता दोन्ही पक्ष अशा वाड्यांत राहात असतील, तर पहिले पत्र कोणी कोणास लिहावे? यावर बाहेरच्या एखाद्या तिऱ्हाइताला 'माझा पत्ता बाहेरून कसा दिसतो' असे विचारून घ्यावे, मग दोघांनी एकदमच एकमेकांना लिहावे, आणि तेही साधले नाही तर तिऱ्हाइतामार्फतच सारे बोलणे न्यावे, अशी व्यवस्था २००३ ते २०१० या काळात लिखित स्वरूपात ठरत गेली. काही कचेऱ्यांत सभेला 'जोडत आहे' एवढेच दिसत राहते आणि घरी तीच सभा चटकन जुळते, त्याचे कारण बहुधा हा देवडीवाला असतो. तेथे फोन बदलून उपयोग नाही.

अण्णांच्या घरी मात्र देवडीचा प्रश्न नव्हता. जोडणी झाली होती आणि वीस मिनिटे चाललीही होती. तेथे जे घडले त्याचा शोध २०१० साली जिम गेटिस या जाळ्यातील जुन्या जाणत्याला स्वतःच्या घरी लागला. ते एक मोठी फाइल बाहेर धाडीत होते आणि घरातील बाकी सर्वांचे इंटरनेट जणू झोपी गेले. त्यांनी पिंग लावून पाहिले. एरवी जे काम सेकंदाच्या शतांश भागात व्हावे त्याला सेकंदाहून अधिक वेळ लागत होता. पाकिटे वेळीच गळत नव्हती. आणि अडचण नेमकी तीच होती! स्मृतीच्या चकत्या स्वस्त झाल्या, म्हणून घरोघरच्या पेट्यांत कारखानदारांनी पाकिटांना थांबावयास भली मोठी जागा ठेवली. हेतू असा की काही गळू नये. पण तिकिटाच्या खिडकीपुढे मोठा मंडप घातला म्हणून खिडकी रुंद होत नाही, रांग मात्र लांबते. शिवाय पाकीट गळले तरच वेग कमी करावयाचा हे जेकबसन यांचे पथ्य. येथे काही गळतच नाही, तेव्हा इशारा मिळत नाही आणि पाठविणारा रांग वाढवीतच राहतो. त्या रांगेच्या शेपटाशी आवाजाचे पाकीट येऊन उभे राहते. संभाषण सुखाने चालावयाचे तर आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकास सेकंदाच्या १५० सहस्रांश भागात पोचावा असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा संकेत आहे. एक सेकंद उशिरा आलेल्या शब्दाला समोरचे यंत्र शिळा म्हणून टाकून देते. १९८८ चे जेकबसनच पुन्हा २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स यांच्यासह या रोगावर उपाय घेऊन आले: पाकीट रांगेत किती वेळ तिष्ठले हे मोजावे, आणि रांग रेंगाळू लागली की मुद्दाम एखादे पाकीट टाकून द्यावे, म्हणजे पाठविणारा सावध होतो.

मार्च २०२० मध्ये आपण सारे घरांत कोंडले गेलो तेव्हा झूम या एका सेवेवरील सभांतील रोजची हजेरी, डिसेंबर २०१९ मध्ये जी एक कोटी होती, ती एप्रिलमध्ये तीस कोटींवर गेली. रस्ते तेच राहिले आणि गर्दी अशी वाढली. त्या वेळी सिनेमे दाखविणाऱ्या कंपन्यांनी काय केले पाहा. युरोपात नेटफ्लिक्सने चित्राचा दर्जा उतरवून आपली वाहतूक चतुर्थांशाने घटविली. भारतातही अशा कंपन्यांनी मोबाइलवरील चित्रे काही आठवडे साध्या दर्जाची ठेविली. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या स्पष्ट दिसल्या नाहीत म्हणून कोणाचे अडले नाही, आणि कामाच्या सभांना वाट मिळाली. चारशे यार्डांवरचे पथ्य आता खंडांनी पाळले.

अण्णांची समजूत काढावयास आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. अंगणात, अंतर राखून बसलो. आमच्यासमवेत आमचा एक भाचा होता, तो संगणकाच्या कामातला. त्याने 'मोठ्याने बोला' म्हटले नाही, की फोन बंद करून चालू करावयास सांगितले नाही. त्याने पिंग लावले आणि आकडे वाचीत बसला. तीस, एकतीस, तीस. काही दोष दिसेना. मग त्याने विचारले, "काल त्या वेळी घरात आणखी कोण काय करीत होते?" नात म्हणाली, "मी आईच्या फोनवरचे फोटो वर चढवायला लावले होते. ताईच्या लग्नाचे, दोन हजार आहेत, अजून निम्मे राहिलेत." तिने ते पुन्हा सुरू केले आणि आकडे आमच्यादेखत चढत गेले: दोनशे, सहाशे, बाराशे. तिने थांबविले, पुन्हा तीस.

अण्णा बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहात राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही ऐकत होता."

राहिलेले व्याख्यान पुढच्या गुरुवारी झाले. फोटोंचा तो फोन तेवढा वेळ बंद करून देवघरात ठेवला होता. अण्णा नेहमीच्या हळू आवाजात सव्वा तास बोलले, आणि प्रश्नोत्तरे आणखी पाऊण तास चालली.